शेवटच्या डब्यातली खदखद

१

बिया चोरीला गेल्या नव्हत्या, किडल्या नव्हत्या, त्यांना बुरशीही लागली नव्हती. शीतकोठीतल्या वरच्या फळीवर, आपल्या डब्यात, त्या होत्या तशाच होत्या, काळ्याभोर आणि टपोऱ्या. फक्त त्या मेल्या होत्या.

तसा निकाल लेझरने दिला होता. मग मला बोलावणं आलं. बियाणं जपणाऱ्या संस्थांमध्ये काही गोंधळ झाला की मुख्य कचेरी मला धाडते. लोक मला समोर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे चिमटाबाई. मला दोन्ही चालतं. एक बॅग, एक भिंग आणि विश्रामगृहातली मिळेल ती खोली, एवढा माझा संसार. घरी वाट बघणारं कुणी नसलं की सगळ्या खोल्या सारख्याच वाटतात.

"प्रकरण अगदी सरळ आहे, मॅडम," संचालक म्हणाले. त्यांच्या टेबलावर एकही कागद नव्हता. अशा माणसांची मला जरा धास्तीच वाटते. "जुन्या ऑपरेटरच्या हातात होत्या तोवर बिया ठणठणीत. दर चाचणीत जिवंत. नवी मुलगी आली आणि तिच्या पहिल्याच चाचणीत सगळ्या मेल्या. डबा बाहेर उन्हात विसरली असणार, आणि आता कानांवर हात ठेवतेय. तुम्ही फक्त अहवालावर सही करा. मी तिला घरी पाठवतो."

"सहीच हवी होती तर मला इतक्या लांब कशाला बोलावलं? शिक्का मागवला असता."

ते हसले. मी हसले नाही.

त्या बिया एका रानवेलीच्या होत्या. एकाच डोंगरकड्यावर ती उगवायची. तो कडा खडीसाठी फोडून नेला, आणि वेलीचं जे काही उरलं ते या डब्यात, मूठभर. म्हणजे डबा मेला तर वेल जगातून गेली, आणि तिचं खापर एका पोरीच्या डोक्यावर फुटणार. असा डाग घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला पुढे कुठलीच प्रयोगशाळा दारात उभी करत नाही.

"पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल तर?" मी विचारलं.

"फांदी आपोआप तुटत नाही, मॅडम," संचालक म्हणाले, आणि घड्याळाकडे बघितलं.

२

लेझरची खोली गच्चीखालच्या मजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला होती. खिडक्यांना काळा कागद लावलेला. मधोमध एक टेबल, त्यावर कॅमेरा आणि लेझर. त्या मुलीला इथे सगळे ठिपका म्हणत, कारण तिचं काम ठिपक्यांचं. डोळे सुजलेले होते, पण केस नीट बांधलेले होते. मला ते आवडलं.

"मला काहीच येत नाही असं समजून सांग," मी म्हटलं.

तिने एक साधी बी ओल्या कागदावर ठेवली आणि लेझर लावला. बीवर लाल उजेड पडला. नुसता उजेड नव्हता तो, रव्यासारखे बारीक दाणे चमकत होते.

"हे ठिपके बघा, मॅडम. बी ओली केली की ती जागी होते. आत पाणी चढतं, पेशींत हालचाल सुरू होते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण ठिपके आधणासारखे खदखदतात. मेलेल्या बीवर गोठून राहतात. संगणक खदखद मोजतो आणि रंग भरतो. खदखद तिथे लाल, शांत तिथे निळं."

पडद्यावर ती बी रंगली. एका टोकाला गडद लाल, आणि बाकी अंगावर फिकट होत गेलेली.

"हे टोक कशाचं?"

"कोंब तिथून निघतो. जीव तिथेच जास्त."

"आणि त्या डब्यातल्या बिया?"

"पूर्ण निळ्या." तिचा आवाज चिरकला. "मी डबा कुठेच विसरले नाही हो. उलट आल्याआल्या हे टेबल नीट केलं. खाली रबर, त्यावर ही दगडी लादी. आधी कुणी शिंकलं तरी टेबल थरथरायचं. मी नीट काम केलं, आणि नेमकी मीच..."

तिला रडू आलं. मी तिला रडू दिलं. अशा वेळी पाठीवर हात ठेवायची मला सवय उरलेली नाही.

"चाचणीच्या वेळी इथे कोण असतं?"

"कुणीच नाही. माणूस असला की हवा हलते. कॅमेरा सुरू करायचा आणि बाहेर जायचं. दाराशी कोठीवाले काका बसतात, कुणी आत शिरू नये म्हणून. त्या दिवशीही बसले होते. वेळ संपल्यावर मी आत आले, पडदा बघितला आणि बाहेर धावले. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, 'गेल्या ना?' माझा चेहराच तसा झाला असेल."

"चाचणीनंतर बियांचं काय करता?"

"सुकवून परत डब्यात. पेरायची परवानगी नाही. शेवटच्या आहेत ना."

शेवटच्या म्हणून पेरायच्या नाहीत, आणि पेरल्या नाहीत म्हणून शेवटच्या. नियम करणाऱ्यांचं डोकं कधी कधी दगडी लादीहून घट्ट असतं.

बाहेर पडण्याआधी मी त्याच फळीवरचे शेजारचे डबे तपासायला सांगितले. दुपारपर्यंत तिने चार-पाच डब्यांतल्या बिया लेझरखाली ठेवून दाखवल्या. सगळ्या जिवंत. कोठी तापली असती किंवा फळीवरून डबे हलले असते तर शेजाऱ्यांनाही झळ लागली असती. मरण फक्त एकाच डब्यावर आलं होतं.

३

जुन्या ऑपरेटरला हिरो म्हणत. आता तो संचालकांच्या कचेरीत बढतीवर बसला होता, आणि शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून खुर्चीत ताठ बसला होता.

"माझ्या काळात त्या बिया म्हणजे काय वर्णू, मॅडम! लालबुंद! संस्थेच्या भिंतीवर चित्र लावलंय त्यांचं."

"चित्रीकरण चालू असताना तू काय करायचास?"

"चहाला जायचो. नियमच आहे ना, खोलीत थांबायचं नाही." तो डोळा मिचकावून म्हणाला, "सगळे नियम असे असते तर!"

"कच्चं चित्रीकरण कधी बघितलंस? सबंध?"

"कशाला? संगणक फक्त बियांपुरता चौकोन कापून देतो. बाकी कागद, टेबल, ते बघून काय मिळणार?"

भिंतीवरचं ते चित्र मी जाताना बघितलं. काळ्या चौकटीत सहा बिया, सगळ्या लालबुंद. मी भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. काहीतरी खटकत होतं, पण नाव सापडेना.

कोठीवाले काका जिन्यात भेटले. खरं तर जिन्याच्या मधोमध थांबलेले सापडले, एक हात कठड्यावर, दुसरा छातीवर.

"बरं नाही का, काका?"

"यंत्र जुनं झालंय." त्यांनी खिशातून गोळी काढून जिभेखाली ठेवली. "दोन ठोके नीट देतं, तिसरा गाळतं. डॉक्टर परत या म्हणाले होते. एकट्याने जाऊन तिथे बसायचं कंटाळवाणं होतं."

आम्ही पायरीवरच बसलो. त्या बिया त्यांच्या बायकोने आणल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. बाई इथेच वनस्पती गोळा करायचं काम करायच्या. कडा फोडायला सुरुंग लावायच्या आदल्या दिवशी दोर बांधून खाली उतरल्या होत्या, आणि ओच्यात शेंगा घेऊन वर आल्या. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

"मूलबाळ?"

"ही वेलच काय ती," काका म्हणाले. "'पेरा हो, पेरा,' असं शेवटपर्यंत सांगत होती सगळ्यांना. कोण ऐकतंय! जपा म्हणाले, जपा. जपल्या."

"त्या मुलीने डबा उन्हात ठेवला असेल असं वाटतं तुम्हाला?"

काकांनी कठड्यावरून हात फिरवला. "पोर चांगली आहे," एवढंच म्हणाले. मग जरा चिडून, "पण ती लादी कशाला आणली तिने? त्या टेबलाला टेकलं तर भिंतीला टेकल्यासारखं वाटतं."

मी खोलीवर परतले. समोरच्या घरात कुणीतरी कुणालातरी जेवायला हाका मारत होतं. मी जेवणाचा डबा उघडला आणि उभ्याउभ्याच जेवले. हात धुताना मला एकदम कळलं की भिंतीवरच्या चित्रात काय खटकत होतं. त्या सहाही बिया सारख्याच लाल होत्या. टोकाला जास्त, कडेला कमी, असं काही नव्हतंच. त्यांना जणू कोंबच नव्हता.

४

सकाळी मी ठिपकाला म्हटलं, "जुनी कच्ची चित्रीकरणं लाव. चौकोन कापू नकोस. सबंध बघायची आहेत."

पडद्यावर ओला कागद आला, सहा बिया आल्या, आणि कोपऱ्यात एक पांढरं, गोल काहीतरी.

"हे काय?"

"साक्षीदार." ती पहिल्यांदाच हसली. "लोखंडी वॉशर आहे, पांढरा रंग दिलेला. लोखंडात जीव नसतो, म्हणून तो कायम निळाच दिसायला हवा. यंत्र बसवणाऱ्याने चिकटवला होता. पण चौकोनाबाहेर पडतो, म्हणून कुणी बघत नाही. मीही आधीची कधी..."

ती बोलता बोलता थांबली.

संगणकाने रंग भरला होता. बिया लाल झाल्या. बियांखालचा कागद लाल झाला. आणि कोपऱ्यातला लोखंडी वॉशर, तोही बियांइतकाच लालबुंद होऊन खदखदत होता.

५

"टेबल हलत होतं," ठिपका हळूच म्हणाली. "बिया नाही, टेबल. तेव्हा लादी नव्हती. रस्त्यावरून ट्रक जात असतील."

"मग त्याच दिवशीच्या बाकीच्या डब्यांची चित्रं लाव."

तिने लावली. तिथे बिया टोकाला लाल, आणि साक्षीदार शांत, निळा. दुसऱ्या दिवसाची लावली, तिसऱ्याची. तीच गत. त्या एका डब्याची पाळी आली की टेबल थरथरायचं. पुढचा डबा आला की गप्प. ट्रकला डबे ओळखता येत नाहीत.

आम्ही मागे मागे जात राहिलो. हिरोच्या काळातल्या सुरुवातीच्या चाचण्यांत साक्षीदार निळा होता, आणि बिया खऱ्याखुऱ्या जिवंत, टोकाला लाल. पण दर चाचणीत तो लाल ठिपका आक्रसत गेलेला. मग एक चाचणी अशी, की सुरुवातीला सगळं निळं, बियाही निळ्या. आणि मधेच एकाएकी सगळंच्या सगळं पेटलेलं.

"म्हणजे त्या केव्हाच..." ठिपकाने तोंडावर हात ठेवला.

"हो. बी म्हातारी होते, पोरी. थंडीत ठेवली तर सावकाश होते, पण होते. तू यायच्या कितीतरी आधी त्या गेल्या होत्या. कुणीतरी त्यांना जिवंत दाखवत होतं. तू लादी घातलीस आणि ते सोंग बंद पडलं."

संचालक म्हणत होते तसा खून झालाच नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेल्या त्या घरात मुळात चोरीच झाली नव्हती. पण टेबल कुणी हलवलं?

मी तिला लादी आणि रबर काढायला लावलं. तिने मेलेल्या बिया लेझरखाली मांडल्या आणि मी तिला बाहेर पाठवलं. काळा कागद लावलेल्या खोलीत मी एकटी उरले. पडदा निळाशार. मी टेबलावर दोन्ही कोपरं टेकली आणि हालचाल न करता, श्वाससुद्धा रोखून, उभी राहिले.

पडदा लाल झाला. मग किंचित निवला. पुन्हा लाल झाला. पुन्हा निवला. मी काहीच करत नव्हते आणि तरी काहीतरी चाललं होतं, एका लयीत. मी मनगटावर बोट ठेवलं. लय तीच होती.

ते माझं काळीज होतं. इतक्या वर्षांत ते कुणी बघितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मला उगाचच गहिवरून आलं आणि स्वतःचा रागही आला.

मग मी जुनं चित्रीकरण पुन्हा लावलं आणि त्यातली लय मोजत बसले. आणि मोजताना माझ्या तोंडचं पाणी पळालं.

६

दुपारी मी सगळ्यांना त्या खोलीत बोलावलं. संचालक, हिरो, काका आणि ठिपका.

"एकेकाने टेबलाला टेकायचं," मी म्हटलं. "बोलायचं नाही."

"हा काय पोरखेळ आहे?" संचालक म्हणाले.

"या डब्यामुळे संस्थेचं नाव झालं, साहेब. तुम्हालाही तो जिवंत हवा होता. हिरोला त्याच्या लाल चित्रांनी बढती मिळाली. संशय सगळ्यांवर सारखाच आहे. टेका."

संचालक टेकले. पडदा पेटला आणि विझला, पेटला आणि विझला, सैनिकाच्या चालीसारखा. हिरो टेकला. त्याचं काळीज घाईत होतं, पण ठोका एकही चुकत नव्हता.

"आता हे बघा." मी जुनं चित्रीकरण लावलं. कोपऱ्यातला लोखंडी साक्षीदार पेटला, विझला. पेटला, विझला. मग एक रिकामी जागा. पुन्हा दोन ठोके. पुन्हा रिकामी जागा. "या माणसाचं काळीज तिसरा ठोका गाळतं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःहून पुढे आले आणि त्यांनी टेबलावर कोपरं टेकली, रोजच्या जागी टेकावीत तशी.

दोन ठोके. रिकामी जागा. दोन ठोके.

"पहिल्यांदा मी नुसता बघायला शिरलो होतो," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "हिरो चहाला गेला होता. बघतो तर सगळं निळं. मला उभं राहवेना, म्हणून टेबलाला टेकलो. आणि पडदा लाल झाला, मॅडम. मागे सरलो, निळा. टेकलो, पुन्हा लाल. मला वाटलं, हिने ओळखलं मला."

"आणि कळलं कधी?"

"घरी पोचेपर्यंत कळलं. आयुष्य यंत्रांच्या शेजारी गेलंय माझं. पण कळूनही दर चाचणीला गेलो. घरात बोलायला भिंती. इथे निदान मी टेकलो की समोरून काहीतरी हलायचं. या खेपेला टेकलो तर काहीच नाही. किती वेळ टेकून राहिलो. ती आलीच नाही."

"काका, माझी नोकरी जाणार होती," ठिपका म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक होता. "तुम्हाला माहीत होतं."

"रोज सकाळी ठरवून यायचो, की आज सांगायचं. पण सांगितलं की ती खरंच गेली असं झालं असतं. जीभ रेटली नाही. तुझा गुन्हेगार आहे मी, पोरी."

संचालकांना आता कुठे वाचा फुटली. "म्हणजे काकांवर कारवाई..."

"करा ना," मी म्हटलं. "आणि अहवालात मी हेही लिहिते, की बिया जिवंत होत्या तेव्हा त्या पेरू नका असं कुणी बजावलं होतं, आणि साक्षीदार कोपऱ्यात ओरडत असताना इतकी वर्षं तो चौकोनाबाहेर कुणी ठेवला. या मुलीचं नाव मात्र त्यात फक्त एकदा येईल. लादी घातली म्हणून."

संचालक निघून गेले. हिरो त्यांच्या मागे, इस्त्री सांभाळत.

७

काका खुर्चीत बसले होते. डबा त्यांच्या मांडीवर होता. एकट्या माणसांना एकटी माणसं काय समजावणार? पण एक गोष्ट सांगणं भाग होतं.

"काका, मी तुमची सगळी चित्रीकरणं ओळीने बघितली. पहिल्या खेपेला तुमचं काळीज क्वचित कधी ठोका गाळतंय. पुढच्या खेपेला जास्त. मग आणखी. आज मधली रिकामी जागा सगळ्यात लांब आहे. बियांचं आता काही होणार नाही. तुमचं होऊ शकतं. आजच्या आज डॉक्टरकडे जा."

"बघू उद्या. सोबत कोण आहे यायला?"

माझी गाडी निघायची वेळ झाली होती, आणि हे कारण मी मनात आधीच तयार ठेवलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मला माझी लाज वाटली.

ठिपका कोपऱ्यात पाठमोरी उभी होती. तिने लेझर बंद केला, दिवा लावला, आपली पिशवी खांद्याला अडकवली आणि काकांसमोर येऊन उभी राहिली.

"उठा."

"कुठे?"

"दवाखान्यात. कुठे म्हणजे काय? ही चित्रं मी सोबत घेतलीत, डॉक्टरांना दाखवायला."

"अगं, पण मी तुझं..."

"माफ केलं असं समजू नका. अजिबात केलेलं नाही. उठा म्हणते ना."

काका उठले. डबा त्यांनी टेबलावर ठेवला, क्षणभर त्यावर हात ठेवला, आणि मग हात काढून घेतला. दोघं बोळातून चालत गेली. ती पुढे, ते मागे. जिन्यापाशी मात्र ती थांबली आणि त्यांच्या बाजूला आली.

मी दारात उभी राहून ऐकत होते. जिन्यावर दोघांची पावलं वाजत होती. काही पायऱ्या उतरल्या की त्यांची पावलं थांबायची, आणि मग तिचीही थांबायची. ते पुन्हा उतरू लागले की तीही उतरायची. सगळ्यात खालचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत मी बॅग उचलली नाही.